ऑइलचा काटा काय सांगतो?



कारखान्याच्या वजनकाट्याकडे आपणां सर्वांचे बारीक लक्ष असते. वजनात थोडे इकडेतिकडे झाल्यासारखे वाटले तरी आपण लगेच विचारपूस करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या ट्रॅक्टरने ती ट्रॉली ओढत आणली, त्याच्या पुढ्यात आणखी एक लहानसा काटा असतो. त्याच्याकडे किती जण पाहतात? हा काटा इंजिनातल्या ऑइलच्या दाबाचा. काही ट्रॅक्टरांत आणि बहुतेक मोटारींत काटा नसतो, त्याऐवजी तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा असतो. काम दोघांचे एकाच जातीचे.

हा दिवा चालत्या गाडीत लागला आणि "एवढी खेप टाकू, मग बघू" म्हणून गाडी तशीच दामटली, तर बेअरिंगे जळतात, क्रँक खराब होतो, कधी इंजिन जागीच पकडते. ऐन गळीत हंगामात इंजिन उतरवावे लागले की दुरुस्तीचा खर्च तर होतोच, शिवाय खेपा बुडतात, टोळी बसून राहते आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. उलट वेळीच इंजिन बंद केले तर पुष्कळदा दोन-तीन लिटर ऑइलवर किंवा एखाद्या किरकोळ भागावर काम भागते. म्हणून हा दाब म्हणजे काय, तो किती असावा आणि तो बदलला तर काय समजावे, हे प्रत्येक मालकाने व ड्रायव्हरने नीट समजून घेणे जरूर आहे.

दाब येतो कोठून?

पंप दाब तयार करतो असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. पंप फक्त ऑइल पुढे ढकलतो. दाब निर्माण होतो तो पुढची वाट अरुंद असते म्हणून.

विहिरीवरच्या पंपाचा पाइप मोकळा सोडला तर पाणी भडाभडा पडते, पण त्यात जोर नसतो. तोंडावर अंगठा दाबला की तेच पाणी लांब उडते. ठिबक संच बसविलेल्या सभासदांना तर हे सांगायलाच नको. नळ्यांची छिद्रे बारीक असतात म्हणून संचात दाब टिकतो. मध्येच एखादी नळी फुटली की दाबाचे घड्याळ खाली येते आणि शेवटच्या सरीतला ऊस तहानलेला राहतो. पंप तोच, मोटार तीच, विहिरीत पाणीही तेवढेच. तरी दाब गेला, कारण पाण्याला सोपी वाट मिळाली.

इंजिनातही हेच घडते. ऑइल खालच्या चेंबरमध्ये साठलेले असते. पंप ते जाळीतून ओढून घेतो, फिल्टरमधून गाळतो आणि ब्लॉकमधल्या मुख्य नळीत सोडतो. तेथून बारीक छिद्रांवाटे ते क्रँकच्या मेन बेअरिंगांना, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना, कॅमशाफ्टला व वर रॉकरला पोहोचते आणि गळून पुन्हा चेंबरमध्ये येते. गाडीला टर्बो असेल तर त्यालाही हेच ऑइल लागते. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधली फट माणसाच्या केसाच्या जाडीइतकी असते. एवढ्या चिंचोळ्या वाटेतून ऑइलला बाहेर पडावे लागते, म्हणून मागे दाब राहतो.

आता एक हिशेब लक्षात ठेवावा. ही फट झिजून दुप्पट झाली तर, बाकी सर्व तसेच असताना, तिच्यातून जाणारे ऑइल दुप्पट होत नाही. ते आठपट होते. म्हणूनच बेअरिंग थोडे झिजले तरी दाब बराच खाली येतो. काटा उतरला म्हणजे पंपच गेला असे नव्हे. बहुतेक वेळा कोठेतरी "नळी फुटलेली" असते.

एवढ्याशा दाबाने एवढा भार कसा पेलतो?

येथे एक शंका येणे साहजिक आहे. डिझेल इंजिनात इंधन पेटते त्या क्षणी पिस्टनवर दर चौरस सेंटिमीटरला ऐंशी किलोच्या आसपास दाब आला असे धरू. पिस्टन नऊ सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर त्यावर एकूण पाच टनांचा धक्का बसतो. म्हणजे दोन भरल्या टायरगाड्यांचा ऊस एका टीचभर बेअरिंगवर येतो, आणि तोही सेकंदाला कित्येक वेळा. ऑइलचा दाब तर काट्यावर तीन-चार किलोच दिसतो. मग धातूवर धातू घासत कसा नाही?

याचे उत्तर १८८३ साली इंग्लंडमध्ये मिळाले. बीचम टॉवर नावाचे एक इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. वरून तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्यांनी बूच ठोकले, ते उडाले. लाकडी खुंटी मारली, तीही बाहेर फेकली गेली. मग तेथे दाबाचे घड्याळ लावले, तर काटा दोनशे पौंडांच्या पुढे जाऊन घड्याळ अपुरे पडले. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र शंभर पौंडच होता. पुढे १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी यामागचे गणित मांडले.

त्याचा सारांश असा की फिरणारा क्रँक स्वतःच ऑइल ओढून पाचरीसारख्या निमुळत्या जागेत कोंबतो आणि त्या पाचरीत प्रचंड दाब तयार होतो. पावसाळ्यात भरधाव गाडीचे चाक पाण्याच्या थरावर तरंगते आणि रस्त्याची पकड सोडते, तसाच हा प्रकार. रस्त्यावर तो घातक, बेअरिंगमध्ये तोच तारक. भार पेलते ते हे पाचरीतले ऑइल. पंपाचे काम त्या पाचरीला ऑइल कमी पडू न देणे एवढेच.

म्हणजे काट्यावर दिसतो तो पुरवठ्याचा दाब. पुरवठा तुटला की पाचर तुटते, आणि मग बेअरिंग जळायला मिनिटेसुद्धा लागत नाहीत. "थोडे अंतर आहे, सावकाश नेऊ" हा हिशेब येथे चालत नाही तो एवढ्याचसाठी.

मग नॉर्मल दाब किती?

सर्व इंजिनांना लागू पडेल असा एक आकडा नाही. ट्रॅक्टरबरोबर किंवा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेला आकडा हाच खरा. तरीपण साधारण अंदाज यावा म्हणून खालील आकडे उपयोगी पडतील. हे दर चौरस सेंटिमीटरला किलो असे आहेत. जुन्या घड्याळांवर पौंड असतात, एक किलो म्हणजे सुमारे १४ पौंड. नव्या घड्याळांवर "बार" असते, ते जवळजवळ किलोइतकेच धरावे.

१) थंड इंजिन, नुकतेच सुरू केलेले : ४ ते ५ किलो, कधी थोडे अधिक.
२) इंजिन पुरते तापलेले, कामाच्या वेगाने चालू : २॥ ते ४ किलो.
३) इंजिन पुरते तापलेले, स्लोवर उभे : १ ते २ किलो, काही इंजिनांत याहूनही थोडे कमी.
४) लाल दिवा लागतो तो : बहुधा अर्ध्या किलोच्या आतबाहेर.

जुने मिस्त्री दुसरा एक ठोकताळा सांगतात. तापलेल्या इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड दाब असला म्हणजे बरे. दोन हजार फेऱ्यांना वीस पौंड. हा ठोकताळा किमान हिशेबाचा आहे, पुस्तकाच्या आकड्याची जागा त्याने घेऊ नये. आजच्या काही नव्या मोटारींत तर इंधन वाचावे म्हणून पंपाचा दाब मुद्दाम कमी-जास्त केला जातो, त्यांना हा ठोकताळा लावूच नये.

सकाळी एक, दुपारी दुसरा, हे कसे?

पहाटे ट्रॅक्टर सुरू केला तेव्हा काटा वर होता आणि दुपारी भर उन्हात खाली आला, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ऑइल तापले की पातळ होते. ट्रॅक्टरमध्ये सर्रास वापरले जाणारे १५ डब्ल्यू ४० ग्रेडचे ऑइल चाळीस अंशांवर जेवढे दाट असते, त्याच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतकेच दाट ते शंभर अंशांवर राहते. काकवी थंड असताना कशी ओघळत नाही आणि गरम केली की कशी धावते, हे गुऱ्हाळ पाहिलेल्यांना माहीत आहे. पातळ ऑइल फटीतून लवकर निसटते, म्हणून दाब उतरतो.

तसेच पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. ॲक्सिलरेटर दाबला की ऑइल जास्त, दाब जास्त. स्लो केले की दाब कमी. पण दाब अमर्याद वाढू नये म्हणून पंपाजवळ स्प्रिंगचा एक व्हॉल्व्ह असतो. ठरलेल्या दाबाला तो उघडतो आणि जादा ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो. म्हणून एका मर्यादेनंतर कितीही रेस केले तरी काटा वर जात नाही. हे नॉर्मलच आहे.

तात्पर्य, नुसता आकडा सांगून उपयोग नाही. तो थंडपणी की तापल्यावर, स्लोवर की रेसवर, हे बरोबर सांगितले तरच मिस्त्रीला काही कळेल.

दाब कमी होण्याची कारणे

सोप्यापासून अवघडाकडे या क्रमाने पाहावे.

१) ऑइल कमी असणे. चढावर, उतारावर किंवा वळणावर ऑइल एका बाजूला जाते, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. सपाट रस्त्यावर दिवा विझतो आणि वळणावर लुकलुकतो, तर आधी पातळी पाहावी.

२) ऑइलमध्ये डिझेल मिसळणे. डिपस्टिक, म्हणजे ऑइल पाहायची पट्टी, काढून वास घ्यावा. ऑइल न घालता पातळी वाढली असेल तर "इंजिन ऑइल खात नाही" म्हणून आनंद मानू नये. डिझेल पंप किंवा इंजेक्टरमधून डिझेल खाली उतरत असण्याचा संभव असतो.

३) ऑइलमध्ये पाणी येणे. ऑइल दुधाळ किंवा कॉफीच्या रंगाचे दिसले तर हेड गॅस्केट किंवा लायनरचे रबर तपासावे. असे इंजिन चालवूच नये.

४) इंजिन जास्त तापणे. रेडिएटरच्या जाळीत पाचट, भुसकट व धूळ बसली की पाणी तापते, पाठोपाठ ऑइल तापते आणि दाब उतरतो. हंगामात रेडिएटर वरचेवर साफ करावा.

५) चुकीच्या ग्रेडचे किंवा भेसळीचे ऑइल. डबा सीलबंद घ्यावा व पावती ठेवावी.

६) चेंबरमधली जाळी गाळाने भरणे, किंवा स्प्रिंगच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडाच राहणे.

७) बेअरिंग किंवा पंप झिजणे. तापल्यावर स्लोचा दाब महिन्यामागून महिना उतरत जातो, ही त्याची खूण.

८) घड्याळ, दिव्याचा स्विच किंवा वायर खराब असणे. हे कारण मुद्दाम शेवटी दिले आहे. आपल्याकडे ते पहिले धरण्याची रीत आहे, "स्विचच गेला असेल, काय होतंय!" स्विचच्या जागी वेगळे घड्याळ लावून दाब प्रत्यक्ष मोजल्याखेरीज हा निकाल देऊ नये. कारखान्याच्या बॉयलरवर ज्या तत्त्वाचे घड्याळ असते, त्याच तत्त्वाचे हे. युजीन बुर्दों या फ्रेंच कारागिराने १८४९ साली त्याचे पेटंट घेतले. आत एक वाकडी, चपटी नळी असते, दाब आला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. त्याला बॅटरी लागत नाही की वायर. मिस्त्रीकडे असे घड्याळ असले की दहा मिनिटांत खरे-खोटे होते.

जास्त दाब म्हणजे चांगले इंजिन?

तसेही नाही. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचून छिद्रे बुजली की दाब वाढतो, पण उसाला पाणी मिळत नाही. इंजिनातही ऑइल फार दाट असले किंवा व्हॉल्व्ह बंद स्थितीत अडकला की काटा वर जातो. दाट ऑइल घातले की झिजलेल्या इंजिनाचा काटा सुधारतो, हे खरे. पण झीज भरून येत नाही. थंडीच्या पहाटे ते दाट ऑइल वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचते आणि सुरुवातीचे काही क्षण तेथे कोरडेच घासते. पुस्तकात जी ग्रेड दिली असेल तीच वापरावी.

आणखी एक गोष्ट. फिल्टर चोंदला तर बहुतेक इंजिनांत एक बाजूची वाट आपोआप उघडते व न गाळलेले ऑइल बेअरिंगकडे जाऊ लागते. दाब ठीक दिसतो, दिवा लागत नाही, पण आत वाळूसारखी माती फिरत असते. म्हणून काटा बरोबर आहे या भरवशावर ऑइल व फिल्टर बदलण्याचे तास ओलांडू नयेत.

लाल दिवा लागला तर काय करावे?

हा दिवा ऑइलच्या पातळीचा नाही, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावे. "दिवा लागला की लिटरभर ऑइल घालायचे" हा समज घातक आहे. दिवा लागतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो.

१) रेस सोडावी, गाडी सुरक्षितपणे बाजूला घ्यावी आणि इंजिन ताबडतोब बंद करावे. भरलेली ट्रॉली असेल तर ब्रेक लावून चाकांना दगड लावावेत.

२) पाच-दहा मिनिटे थांबून, शक्यतो सपाट जागी, पातळी पाहावी. खाली ऑइल गळाले आहे का, ते पाहावे.

३) पातळी कमी असेल तर गळती नसल्याची खात्री करून योग्य ग्रेडचे ऑइल घालावे व इंजिन सुरू करावे. पाच-दहा सेकंदांत दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद.

४) पातळी बरोबर असून दिवा लागत असेल, किंवा इंजिनातून ठोका येत असेल, तर पुन्हा सुरू करू नये. ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडून कारखान्यावर पाठवावी. तोडलेला ऊस लवकर गाळला जावा हे बरोबर आहे, पण ट्रॉली दुसऱ्याला जोडता येते, जळालेला क्रँक जोडता येत नाही.

हे आपल्या ड्रायव्हरला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. "मालक रागावतील, खेप चुकेल" या भीतीनेच तो गाडी दामटतो. दिवा लागल्यावर गाडी उभी केली म्हणून कोणी बोलणार नाही, हा शब्द मालकाने आधी दिला पाहिजे.

जुना ट्रॅक्टर घेताना

हंगामापूर्वी सेकंडहँड ट्रॅक्टर घेणारे सभासद बरेच असतात. विकणारा ट्रॅक्टर थंड असताना सुरू करून काटा दाखवतो. थंड इंजिनाचा काटा वरच असतो, त्यावरून काही ठरवू नये. अर्धा-पाऊण तास नांगर किंवा भरली ट्रॉली ओढून पाहावी, मग स्लोवर उभा करून काटा बघावा. डिपस्टिकवरचे ऑइल बोटांत चोळून पाहावे, फारच दाट व चिकट लागले तर कोणते ऑइल घातले आहे ते विचारावे. आणि चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, लाल दिवा लागतो की नाही हे जरूर पाहावे. लागलाच नाही, तर बल्ब गेला आहे किंवा कोणी वायर काढून ठेवली आहे.

पावसाळाभर उभा असलेला ट्रॅक्टर पहिल्यांदा सुरू करतानाही सांभाळावे. ऑइल सर्व खाली उतरलेले असते. ओढून बंद करायची दांडी असेल तर ती ओढून धरून पाच-सात सेकंद सेल्फ मारावा, थोडे थांबावे, पुन्हा मारावा. दिवा विझला की मगच इंजिन सुरू करावे. सुरू होताच रेस करू नये.

एक वही ठेवावी

वरील सर्व गोष्टींचा निचोड एकच आहे. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा आपल्या कामाचा नाही, आपल्या इंजिनाचा नेहमीचा आकडा आपल्याला माहीत हवा. पंधरा दिवसांतून एकदा, इंजिन पुरते तापल्यावर, स्लोवर किती आणि कामाच्या वेगावर किती, हे तारीख व मीटरवरचे तास घालून वहीत लिहावे. काट्याऐवजी दिवाच असेल तर ऑइल बदलताना मिस्त्रीकडून एकदा घड्याळ लावून मोजून घ्यावे. दोन हंगामांच्या नोंदी झाल्या की इंजिन कोठे चालले आहे ते आपले आपल्यालाच दिसते. स्लोचा दाब दोन किलोवरून दीडवर, दीडवरून एकावर येत असेल तर हंगाम संपताच चेंबर उतरवून बेअरिंगे पाहावीत. बेअरिंगे वेळेवर बदलली तर क्रँक वाचतो.

उसाचे वजन आपण पावतीवर जपून ठेवतो. ऑइलच्या काट्याची पावती कोणी देत नाही, ती आपणच लिहायची असते. येत्या हंगामात प्रत्येक ट्रॅक्टरमालक सभासदाने ही वही सुरू करावी, ही आग्रहाची विनंती.